गाडीच्या मते आपण वळतोय

जाफराबादेत गाडीच्या डॅशबोर्डवर नवा दिवा लागला, की तो दिसतो मालकाला, पण त्याचा अर्थ ठरतो चौकात.

आमच्या नानांच्या गाडीत लागलेला दिवा पिवळा होता. चित्रात एक लहानशी गाडी आणि तिच्या मागे चाकांचे दोन नागमोडी माग. नाना म्हणजे माझे थोरले काका, निवृत्त तलाठी. सगळी हयात सातबारा, फेरफार आणि पंचनामे यांत गेली, त्यामुळे अक्षर असेल तर ते चष्मा पुसून वाचतात. चित्र दिसलं की त्यांना कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटतं. त्यांनी गाडी हॉटेलासमोर उभी केली, काच खाली घेतली आणि समोरच्या बाकड्याला विचारलं, "हे काय दाखवतंय रे?"

बाकड्यानं पहिल्याच झटक्यात सांगितलं, की पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी कंपनीनं ती खूण ठेवलेली असते. आत वास आला की पेटते. नाना चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. हे मत त्यांना लागलं. मग दुसऱ्यानं सांभाळून घेतलं, "तसं नाही नाना, पुढं रस्ता ओला असला की गाडी आधीच सांगते. वरून सॅटेलाइट असतं." हे मे महिन्यातलं बोलणं आहे. त्या दिवसांत आमच्याकडे रस्ता ओला दिसला, तर लोक गाडी थांबवून पाइपलाइन कुठं फुटली ते बघतात.

त्यानंतर निदानांची रांग लागली. मला फार दिवसांपासून एक संशय आहे: आमच्याकडे ज्याच्या दुकानात जे मिळतं, तोच तुमच्या गाडीचा आजार असतो. पंक्चरवाल्यानं चाकाला लाथ मारून सांगितलं, हवा कमी-जास्त आहे. बॅटरीवाल्यानं बॉनेट उघडण्याआधीच बॅटरी बसलीय म्हणून जाहीर केलं. सीट कव्हरवाला त्यातल्या त्यात प्रामाणिक. तो म्हणाला, "याचा सीट कव्हरशी संबंध नसावा, पण आता आलाच आहात तर..." पुण्याला आयटीत असलेल्या पुतण्यानं फोनवर सल्ला दिला, "नाना, एकदा बंद करून चालू करा." नानांनी केलं. दिवा गेला. "पोरगं हुशार आहे," असं म्हणून त्यांनी गाडी गेटाबाहेर काढली, आणि गाडीनं थोडा वेग घेताच दिवा पुन्हा हजर.

घरी काकूंचं निदान तयारच होतं. गाडी घेतली तेव्हा पहिली राजूरच्या गणपतीला नेली होती, हार घातला होता, चाकाखाली लिंबं चिरडली होती. पुढच्या बंपरला लोंबणारी लिंबू-मिरची मात्र गेले कित्येक शनिवार बदलली नव्हती. लिंबाचा आकार आता मिरीएवढा उरला होता. या पुराव्यापुढे कुणाला काही बोलता आलं नाही.

या दिव्याची जन्मकथा मोठी मजेदार आहे, पण ती चौकात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं सांगतो. गाडी घसरायला लागली तर तिला आपोआप ताळ्यावर आणणारी यंत्रणा बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून १९९५ साली बाजारात आणली. सुरुवातीला ती महागड्या गाड्यांतच होती. मग १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या पत्रकारानं मर्सिडीजची नवीकोरी, छोटी ए-क्लास घेऊन एक चाचणी केली. समोर अचानक मूस, म्हणजे घोड्यापेक्षा उंच असं दांडगं हरिण, आडवं आलंय असं समजून स्टेअरिंग एकदम एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला ओढायचं. गाडी उलटली. जगभर बोभाटा झाला, विक्री थांबवावी लागली, आणि शेवटी कंपनीनं त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट बसवून दिली. श्रीमंतांची चीज सामान्यांच्या गाडीत आली ती अशी एका हरणामुळे, आणि ते हरिण त्या दिवशी तिथं नव्हतंसुद्धा.

स्वीडनमध्ये न आलेल्या मूससाठी चाचणी होते, तिला नाव मिळतं, ती छापून येते. जाफराबादहून टेंभुर्णीकडे जाताना म्हैस खरोखर आडवी येते, ती टाळली की पलीकडून तिची मालकीण येते, आणि हंगाम असला तर अर्ध्या डांबरावर मका वाळत घातलेला असतो, त्याला दगडांची बॉर्डर असते. हे सगळं एका श्वासात चुकवून आपण पुढे जातो आणि कुणी छापत नाही. आता भारतातही १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडीच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या, चाचण्या सुरू झाल्या आहेत, आणि तिथं तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ही घसरणरोधक यंत्रणा असावीच लागते. नानांच्या गाडीला तारे चांगले आहेत. गाडी घेताना त्यांनी ते मागच्या काचेवर चिकटवून मागितले होते.

यंत्रणेचं काम तत्त्वानं सोपं आहे. चालकाला कुठं जायचंय आणि गाडी खरोखर कुठं चाललीय, या दोन गोष्टी ती ताडून बघत राहते, बॉशच्या सांगण्याप्रमाणे सेकंदाला २५ वेळा. नाना हे ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही पीकपाहणी हंगामाला एकदा करायचो." ती बांधावर जाऊनच करायचे, असं मी धरून चालतो.

गाडी कुठं चाललीय ते सांगायला चाकांच्या वेगाचे सेन्सर आहेत आणि गाडी स्वतःभोवती किती वळतेय ते मोजणारा एक सेन्सर आहे. पण चालकाच्या मनात काय आहे, हे कसं कळणार? ते कळतं स्टेअरिंग किती अंश फिरवलं त्यावरून, आणि ते मोजणारा सेन्सर स्टेअरिंगच्या दांड्यावर, चाकाच्या मागं दडून बसलेला असतो. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरतं, त्यामुळे नुसता कोन कळून भागत नाही, कितवा फेरा तेही कळावं लागतं. त्यासाठी बऱ्याच सेन्सरांत दांड्यावरच्या मोठ्या चक्राला दोन लहान चक्रं जोडलेली असतात. दोघांत लोहचुंबक, पण दात्यांची संख्या थोडी वेगळी. त्यामुळे एक किंचित पुढं, एक किंचित मागं पडत जातं, आणि घड्याळात तासकाटा व मिनिटकाटा मिळून जशी एकच वेळ सांगतात, तशी ही दोन चक्रं मिळून स्टेअरिंगची एकच जागा सांगतात, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत. माणसाच्या मनातलं ओळखायला याहून स्वस्त साधन अजून निघालेलं नाही.

पुतण्यानं मग ऑनलाइन मागवून एक डबी पाठवली. काड्यापेटीएवढी, निळा दिवा लुकलुकणारी. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ती खोचायची आणि मोबाइलला जोडायची. ते सॉकेट सापडेपर्यंत नाना ड्रायव्हरच्या सीटवर डोकं खाली, पाय दाराबाहेर अशा अवस्थेत होते, आणि येणारे-जाणारे थांबून "काही सांडलं का?" म्हणून विचारत होते. डबी लागली, आणि पुढचा आठवडा घरात दुसरा विषय राहिला नाही. इंजिनातलं पाणी किती तापलंय, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, सगळं मोबाइलवर. नाना भाजी आणायला गेले तरी परत आल्यावर सांगायचे, "येताना अठ्ठ्याऐंशीवर होतं." काकूंना आधी ते भाजीचे पैसे वाटले.

पण दिव्याबद्दल डबी एकच वाक्य बोलायची: दोष आढळला नाही. आणि वर पिवळा दिवा लागलेलाच.

यात डबीचा गुन्हा नाही. गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवून ठेवायचे ही सक्ती जन्मली कॅलिफोर्नियात, ती धुरापायी. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना सारखं सॉकेट आणि सारखे कोड आले; आपल्याकडे पहिला टप्पा एप्रिल २०१० ला, दुसरा एप्रिल २०१३ ला. कायद्याला काळजी धुराची, म्हणून इंजिन आणि धूर यांच्यापुरती माहिती कुठल्याही स्वस्त डबीला द्यावीच लागते. ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग यांचे कॉम्प्युटर वेगळे, त्यांची भाषा कंपनीगणिक वेगळी, आणि ती समजायला मोठा स्कॅनर लागतो. कोडाच्या पहिल्या अक्षरावरूनच खातं कळतं: पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे चाकं, ब्रेक, स्टेअरिंग हा खालचा भाग, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं बंद पडलंय.

नानांना हे एका झटक्यात कळलं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही. "म्हणजे आपण महसूलच्या टेबलाला विचारतोय, अन् अर्ज पडलाय बांधकामच्या टेबलाला!" त्यांनी डबी काढून दप्तरात ठेवली. पाण्याचं तापमान मात्र ते पुढेही बरेच दिवस अंदाजानं सांगत राहिले.

मोठा स्कॅनर आमच्याकडे एका गॅरेजात आहे. मिस्तरी पन्नाशीचा, हाताला कायम ग्रीस. स्कॅनर त्याचा भाचा चालवतो, कारण त्याचे हात कोरडे असतात. टॅब्लेटएवढा पडदा, रबरी कव्हर, आणि तो ठेवायला लोखंडी पेटी, जिला कुलूप आहे. गॅरेजातल्या पान्यांना कुलूप नाही. स्कॅनर बाहेर आला की आजूबाजूचे लोक आपोआप जमतात. जेसीबीनंतर आमच्या गावात उभं राहून बघण्यासारखं हेच एक यंत्र आहे.

भाच्यानं तो जोडला, किल्ली फिरवायला सांगितली, कंपनी निवडली, मॉडेल निवडलं, आणि पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. अकरा टक्के, सतरा टक्के. पंधरा-वीस माणसं एका पट्टीकडे टक लावून उभी. निवडणुकीच्या मतमोजणीलासुद्धा एवढी शांतता नसते. एकजण मधेच म्हणाला, "अडकलं." ते चौतीसवर अडकलंच होतं. कुणीतरी जोडणीची वायर हलवली, पट्टी पुढं सरकली, आणि वायर हलवणारा उरलेला दिवस त्या गॅरेजात भागीदार असल्यासारखा वागला.

कोड निघाला सी शून्य शून्य पाच एक. स्टेअरिंगच्या जागेचा सेन्सर. खाली आणखी दोन-तीन कोड होते, त्यांच्यापुढं 'जुने' असं लिहिलेलं. मागे कधीतरी बॅटरी बसली होती तेव्हाचे. नानांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, "प्रलंबित प्रकरणं."

गर्दीनं एकमुखानं निकाल दिला: सेन्सर गेला, नवा टाका. भाचाही त्याच मताचा दिसला, पार्टची किंमत बघायला त्यानं मोबाइल काढलासुद्धा. मिस्तरी मात्र हात पुसत आला आणि म्हणाला, "थांब रे. कोड तक्रार सांगतो, चोर सांगत नाही."

"म्हणजे फिर्याद झाली," नाना म्हणाले, "पंचनामा बाकी आहे."

मला मिस्तरीचं कौतुक वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. समोर आलेल्या माहितीवर सरळ विश्वास न ठेवण्याचं एक गाजलेलं उदाहरण आमच्याच भागात घडलेलं आहे. जाफराबादला पूर्णेला मिळणारी केळणा वर असईजवळून येते. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथं केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा होत्या, आणि केळणेच्या अलीकडे आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्या वाटाड्यांनी ठासून सांगितलं, की इथं नदीला उतार नाही. म्हणजे स्कॅनरनं साफ 'नाही' दाखवलं. वेलस्लीनं दुर्बीण लावली. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दिसत होती. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत, म्हणजे त्यांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे म्हणजे उतार असणारच, असा त्यानं हिशोब केला, माणूस पाठवून खात्री करून घेतली, आणि फौज पार नेली. आता उतार होता हे त्या दोन गावांतल्या कुठल्याही सुनेला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण लढाईच्या इतिहासात सुनांना विचारायची पद्धत नाही.

पलीकडची गंमत तर अजून आमच्या विषयाला धरून आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी होता पोलमान, जर्मनीतल्या हानोव्हरचा. इंग्रज बगलेवर येताहेत असं दिसताच त्यानं आपली अख्खी रांग, तोफांसकट, नव्वद अंशांत वळवून त्यांच्या समोर उभी केली. इतक्या झटपट आणि इतक्या शिस्तीत की वेलस्लीला ते अपेक्षितच नव्हतं. लढाई शिंद्यांनी गमावली, पण वळणाचे मार्क मी पोलमानला देतो. आमच्याकडे आजही ट्रॅक्टर-ट्रॉली नव्वद अंशांत वळायची झाली तर सगळा चौक वीस मिनिटं बंद असतो.

तर मिस्तरीनं कोडाकडं पाठ फिरवली आणि भाच्याला लाइव्ह डेटा लावायला सांगितला. पडद्यावर स्टेअरिंगचा कोन सरकत्या आकड्यांत दिसायला लागला. या गाडीत डावीकडं अधिक, उजवीकडं उणे. मिस्तरी आत बसला आणि स्टेअरिंग सावकाश डाव्या टोकाला नेलं. आकडे चढत गेले, कुठं उडी नाही, कुठं अडखळणं नाही. डाव्या टोकाला पाचशे चाळीस. मग परत फिरवत उजव्या टोकाला. उणे पाचशे चाळीस.

"सेन्सर टकाटक आहे," तो म्हणाला. "दोन्ही टोकं सारखी. मोडका सेन्सर असा हिशोब देत नाही."

मग त्यानं स्टेअरिंग सरळ केलं. म्हणजे आपण ज्याला सरळ म्हणतो तसं: कंपनीचं चिन्ह मधोमध, आडवी दांडी जमिनीला समांतर. गर्दीनं वाकून खात्री केली, एकानं मोबाइलमधली पाणसळसुद्धा लावली. सरळ. पडद्यावर आकडा होता उणे अठरा.

गाडीची तक्रार आता कळली. नाना सरळ रस्त्यानं सरळ चालले होते, वळण मोजणारा सेन्सर सांगत होता गाडी वळत नाहीय, आणि स्टेअरिंगचा सेन्सर सांगत होता की मालकानं अठरा अंश उजवीकडं धरलंय. सेकंदाला पंचवीस वेळा. गाडीच्या दृष्टीनं मालक कित्येक किलोमीटर उजवीकडं वळायचा प्रयत्न करत होता आणि वळत नव्हता. अशा माणसाबद्दल गाडीनं दिवा लावू नये तर काय करावं?

भाचा म्हणाला, "मामा, इथंच शून्य करून टाकू. बटण आहे." खरंच आहे. स्कॅनरमध्ये एक आज्ञा असते, ती दिली की सेन्सर आत्ता जिथं आहे तेच शून्य असं लिहून घेतो. दिवा गेला असता, गर्दी पांगली असती. मिस्तरीनं न ऐकल्यासारखं केलं आणि गाडीखाली शिरला.

खालून त्याचा आवाज आला, "टाय रॉड बघा. डाव्या बाजूला आटे बोटभर बाहेर, उजव्या बाजूला जवळजवळ नाहीतच." बाहेर येऊन त्यानं बॅटरीची वायर काढली, एअरबॅगची वीज उतरायला थोडा वेळ जाऊ दिला, आणि स्टेअरिंगचं मधलं झाकण उघडलं. नटाखाली, दांड्याच्या दात्यांवर, कारखान्यात मारलेली एक खूण होती, आणि तिची जोडीदार खूण चाकावर. दोघींची तोंडं दोन दिशांना.

घडलं होतं ते असं. मागं नानांनी बाहेरगावी एका चकाचक ठिकाणी अलाइनमेंट करून घेतली होती. कॅमेऱ्याचं मशीन, एसीतलं बसणं, कागदाच्या कपात कॉफी. तिथं चाकं समांतर आली, पण दोन्हीकडचे टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे, कमी-जास्त फिरवल्यामुळं गाडी सरळ जाताना स्टेअरिंग तिरकं दिसायला लागलं. नानांनी ते दाखवलं. पुन्हा सगळं खोलून दोन्ही रॉड सारखे करायचे, तर अर्धा तास जाणार. त्यापेक्षा तिथल्या कुणीतरी स्टेअरिंगचं चाकच उपसलं, दोन दाते सरकवलं आणि सरळ दिसेल असं परत बसवलं. नाना खूश. त्यांनी कॉफीचा दुसरा कप घेतला होता, हे त्यांनीच सांगितलं.

मिस्तरीचं बोलणं संपलं तेव्हा नाना काही क्षण त्या दोन खुणांकडे बघत राहिले, आणि मग सगळ्या नोकरीचा अनुभव एका वाक्यात आला. "म्हणजे नकाशा बरोबर आहे. बांध सरकवलाय."

पुढचं काम कंटाळवाणं होतं. गर्दी पांगली, म्हणजे ते नीट होणार याची खात्री झाली. टाय रॉड दोन्हीकडं सारखे, चाक खुणेला खूण लावून, आणि मिस्तरीनं मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरा ताणून चाकांची तोंडं जुळवली. कॅमेऱ्यानं बिघडलेलं दोऱ्यानं नीट होताना बघून नाना इतके प्रसन्न झाले, की त्यांनी मोजणीच्या साखळीची आठवण काढली आणि ती पुरी सांगितली.

आता शून्य लिहायची पाळी. स्कॅनरची अट अशी, की गाडी सपाट जागेवर उभी हवी, चाकं सरळ हवीत, कुणी हात लावायचा नाही. सपाट जागा! गॅरेजसमोरचा उतार नाल्याकडं, रस्ता मधे फुगलेला, मैदानावर खड्डे. "काट्यावर चला," मिस्तरी म्हणाला. एका जिनिंगच्या आवारातला वजनकाटा. मे महिन्यात कापसाच्या गाड्या नव्हत्या, काटा मोकळाच होता. साऱ्या शिवारात सपाट असल्याची खात्री असलेली तेवढी एकच जागा, आणि तीही अशासाठी की तिच्यावर पैशांचा हिशोब होतो. गाडी उभी केली, भाच्यानं आज्ञा दिली, आकडा शून्यावर आला. काटेवाल्यानं सवयीनं गाडीचं वजनही सांगितलं. नाना आत बसलेले असताना.

मग रस्त्यावरची फेरी. स्कॅनर सांगत होता, थोडा वेळ सरळ चालवा, स्टेअरिंग हलवू नका. मी शेजारी पडदा घेऊन बसलो, भाचा मागं. आणि तिथं मला या सेन्सरची खरी ताकद कळली. नाना पस्तीस वर्षं तलाठी होते. रस्त्यावर त्यांना न ओळखणारा माणूस नाही, आणि नानांचा रामराम हातानं नाही, स्टेअरिंगसकट असतो. एक ओळखीचा आला: उणे चार. माजी सरपंच आले: अधिक सहा, कारण ते डावीकडं होते आणि मानाचे होते. लग्नाची वरात आली, डीजे आला, नवरदेव नात्यातला निघाला. तिथं तर आकडा वाचता येईना. स्कॅनर दर वेळी नम्रपणे लिहायचा: अट पूर्ण झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा. भाचा मागून म्हणाला, "काका, थोडा वेळ कुणाला ओळखू नका." हे जाफराबादेत शक्य आहे का?

शक्य झालं. पुढच्या वळणानंतर एका बाभळीखाली एक गृहस्थ मोटारसायकल लावून उभे होते. त्यांच्या भावकीतल्या एका फेरफारावरून त्यांचं आणि नानांचं फार जुनं वाकडं. नानांची नजर क्षितिजावर गेली. मान ताठ, हात खिळल्यासारखे. पडद्यावर शून्य. शून्य. शून्य. बाभूळ मागं पडली, गृहस्थ मागं पडले, तरी नाना हलले नाहीत. टुंग असा आवाज झाला आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: कॅलिब्रेशन यशस्वी.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला होता. गावात आल्यावर पंक्चरवाला म्हणाला, मी बोललो होतो हवाच आहे. बॅटरीवाल्याला बॅटरीची वायर काढल्याचं कळलं होतं, तोही समाधानी दिसला. काकूंनी सकाळीच नवी लिंबू-मिरची बांधली होती, त्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत.

नानांना मात्र लेखी हवं होतं. भाच्यानं स्कॅनरमधून अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवला, झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट आली: आधीचा कोन, नंतरचा कोन, तारीख, वेळ. नानांनी ओळ न ओळ वाचली, आणि वर खाली बघून म्हणाले, "शिक्का?" मिस्तरीनं आयुष्यात पहिल्यांदाच दुकानाचा शिक्का शोधला. सापडला तो शाई वाळलेला. त्यावर फुंकर मारून, ग्रीसचा अंगठा आवरत, त्यानं तो कागदावर दाबला. शिक्का जरा तिरका उमटला. नानांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, कागद थोडा फिरवून शिक्का सरळ दिसेल असा धरला, आणि तसाच तिरका फायलीला लावून टाकला.